थंड इंजिनावरचा हात

गोठेवाल्या दादांना सगळे 'चौकशीदादा' म्हणत, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. झाडू घ्यायला गेले तरी दुकानदाराला विचारत, "आधीचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं होतं का?" डॉक्टरनं गोळी दिली तर आधी डॉक्टरलाच, "तुम्ही स्वतः घेता का हो?"

असा माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला म्हणजे आसपासच्यांना तीन महिने फुकट करमणूक. दादांकडे अठरा गाई आणि बारा एकर रान. एकाच ट्रॅक्टरनं दोन्हीकडे राबायचं होतं: दिवसा नांगर ओढायचा आणि पहाटे चारा कापायचं यंत्र फिरवायचं. पहाटेचं काम जास्त नाजूक. नांगर एक दिवस थांबतो. उपाशी गाय थांबत नाही; ती हंबरून आळी उठवते आणि वर पान्हा चोरते.

शेवटी दोन ट्रॅक्टर उरले, दोन्ही पंचेचाळीस घोड्यांच्या ताकदीचे. निळा रानात पैलवान, पण गोठ्यापुढच्या अंगणात वळायला त्याला मैदान लागे. लाल मात्र आखूड बांध्याचा, जागच्या जागी वळणारा, आणि पहिल्या गिअरमध्ये इतका सावकाश चालणारा की वासरूसुद्धा बाजूला व्हायची तसदी घेणार नाही. दादांचं मन लालवर बसलं. प्रश्न एकच होता: गारठ्यात चालू होतो का?

त्याची परीक्षा दादांना मिस्त्रीनं शिकवली होती. मिस्त्री म्हणजे त्यांचा वीस वर्षांचा जिवलग. "आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समज, मालकानं आधीच चालू करून ठेवलंय. थंड असताना चालू होतं ते इंजिन, बाकी नुसता रंग." दादा हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत.

लाल ट्रॅक्टर बघायला दोघं मिळून गेले. दादांनी हात पुढे केला, तोच मिस्त्रीनं आपला काळाकुट्ट पंजा इंजिनावर टेकवला.

"थंडगार आहे, चौकश्या. मार चावी."

दादांचा हात हवेतच राहिला. त्यावर आपण पुन्हा हात लावायचा, म्हणजे मित्राला खोटं पाडायचं! डॉक्टरलाही न सोडणारा माणूस भिडेला बळी पडला. पुढे गेलेल्या हातानं त्यांनी उगाच कान खाजवला. चावी फिरली, इंजिन पहिल्या झटक्यात गुरगुरलं आणि सौदा झाला.

पहिल्या पहाटे ट्रॅक्टर नुसता खोकला. दुसऱ्या पहाटे खोकलाही बंद. मागे अठरा गाईंचा आरडाओरडा.

"अहो, हात लावून बघितलं होतंत ना?" बायकोनं विचारलं.

"मिस्त्रीनं बघितलं होतं."

"मी तुमचं विचारतेय."

दादा तडक जुन्या मालकाकडे गेले. तो बिचारा भाबडेपणानं म्हणाला, "त्या दिवशी पहाटे तासभर फिरवला होता की! तुमचे मिस्त्रीच आले होते बॅटरी घेऊन. आता घरचेच ते. त्यांची लेक आमची सून होणार, महिना झाला ठरून. बोलले नाहीत?"

"बोलले, बोलले," दादा हसून म्हणाले. जन्मात एवढं जड हसू त्यांनी उचललं नव्हतं. जिला त्यांनी कडेवर घेऊन गाई दाखवल्या, त्या पोरीचं लग्न ठरल्याचं असं परक्याच्या अंगणात कळावं! बिघडलेलं इंजिन एकदम किरकोळ वाटू लागलं.

दादांना गॅरेजच्या दारात बघताच मिस्त्री पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"लेकीचं ठरलं म्हणे."

"सांगणारच होतो रे. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणाच्या घरी. व्याह्यांनी गळ घातली, ट्रॅक्टर खपवून द्या म्हणून. नाही कसं म्हणू? पोरीचा प्रश्न."

"मला सांगितलं असतंस, तर मी जाणूनबुजून घेतला असता."

मिस्त्रीनं चहाचा पेला पुढे केला. "उद्या येऊन सगळं इंजिन उघडतो. घे, गरम आहे."

दादांनी आधी पेल्याला बाहेरून तळहात लावला. मिस्त्रीची मान खाली गेली.

चहा गरमच होता. दादांनी तो न पिताच फळीवर ठेवला आणि पायी घरी निघाले. आज चारा विळ्यानं कापायचा होता, आणि गाई केव्हाच्या उठल्या होत्या.