गणपती शिंगे आणि शेवगा पाडायची काठी

गणपती शिंगे लाकूड चाखून बघायचा. हे ऐकीव नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्नच्या दुकानात आम्ही दोघांनी अकरा वर्षं शेजारी उभं राहून रंधा मारला. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडी नमुना करावा लागतो आणि तो वाळूत दाबून साचा घेतात. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नचं लाकूड जरा हललं की ओतलेला पंप वाकडा. त्यामुळं लाकडाबद्दल कोणी थाप मारली की गणपतीला ती सोसायची नाही.

मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, "बसा की पावणं. पलंग अस्सल सागाचा हाय." गणपतीनं पलंगाच्या खुरावर नख ओढलं, बोट जिभेला लावलं आणि सांगितलं, "बाभळ हाय. वरनं पॉलिश हाय." पोहे बशीतच राहिले. आतल्या खोलीत मात्र कुणीतरी खळखळून हसलं. ती अंजना. ती बाहेर येऊन वडिलांना म्हणाली, "मी कवाधरनं सांगतोय न्हवं?" लग्न तिथंच ठरलं.

सत्त्याण्णव साली राजारामपुरीत अमरेश नावाच्या पोरानं स्नूकरचं पार्लर काढलं. खाली त्याचे वडील चनबसाप्पा यांचं पेंडीचं दुकान. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "खाली म्हशी खात्यात ते विकतोय मी. वर पोरं काठीनं गोळ्या ढकलत्यात आणि वर पैसं देत्यात. शाणं कोण, तुमीच सांगा."

एक दिवस बेळगावकडचा एक पाहुणा लांबलचक पेटी घेऊन आला. पेटीत क्यू, म्हणजे खेळायची ती काठी. हातानं घडवलेला, विलायती, मूठ अस्सल एबनीची, म्हणजे महागड्या काळ्या लाकडाची, किंमत आठ हजार. अमरेश हुरळला. पण चनबसाप्पांनी दुकानाच्या फळ्या गणपतीकडनं करून घेतल्या होत्या. ते म्हणाले, "आधी त्या शिंग्याला बलीव."

गणपती माझ्या लुनावर मागं बसून गेला. क्यू त्यानं जन्मात पहिल्यांदा हातात धरला. बोटावर तोलला, मुठीचा वास घेतला, टोक फरशीवर हलकेच आपटून कान लावला. पोरं खेळ थांबवून भोवती जमली. मग त्यानं खिशातनं चिंधी आणि थिनरची बाटली काढली.

"अवो, काय करताय?" पाहुणा ओरडला.

"एबनी आतपत्तोर काळी असती," गणपती मूठ पुसत म्हणाला. चिंधी काळीकुट्ट झाली. "ही नुसती वरनं काळी हाय."

"त्ये नॅचरल ऑइल हाय!"

"असंल की. ऑइल सरलं आणि खाली आंबा लागला बगा."

पाहुण्यानं चहासुद्धा घेतला नाही.

त्या दिवसापासून सांगली, इचलकरंजी, निपाणी, कुठूनही क्यू आला की गणपतीला बोलावणं यायचं. तोही मन लावून शिकला. चांगल्या क्यूचा दांडा अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचा असतो आणि त्यावर बाणाच्या टोकांसारख्या रेषा एकावर एक चढत जातात. मुठीचं काळं लाकूड त्या दांड्यात चार जिभांसारखं शिरलेलं असतं. जिभांची टोकं सुईसारखी असली तर काम मशीनचं, गोलसर असली तर हाताचं. एवढं सगळं शिकून खेळायला मात्र तो कधी उभा राहिला नाही. "लाकडानं गोळ्या हाणून लाकडाचं काय कळतंय?" म्हणायचा.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात अमरेशला पार्लरसाठी बाकडी करायची होती. आम्ही तिघं त्याच्या मारुतीतनं कसबा बावड्याला एका वखारीत लाकूड बघायला गेलो. येताना तहान लागली म्हणून एका घरापुढं थांबलो. दारात शेवग्याचं झाड, आणि सत्तरीच्या विठाबाई लांब काठीनं शेंगा पाडत होत्या. काठीच्या शेंड्याला वाकवलेला खिळा, बुडाला शेण.

गणपतीनं पाण्याचा तांब्या घेतला आणि तसाच धरून उभा राहिला.

"मावशी, काठी बगू जरा."

त्यानं विहिरीच्या कट्ट्यावर बसून बुडाचं शेण खरवडलं, वर धोतराच्या चिंधीनं घासलं. खालनं तुकतुकीत काळं लाकूड निघालं. मग चार जिभा. चारीची टोकं गोल. थिनर त्यानं काढलाच नाही. मुठीला जीभ लावली तेवढी.

अमरेश त्याच्या कानाशी लागला, "गप. पन्नास रुपयं देतो आणि उचलतो."

गणपती ताडकन उठला. "मावशी, ही काठी एबनीची हाय! विलायती! हातानं केल्याली! हजारात जाती!" शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. अमरेशनं कपाळाला हात लावला.

विठाबाई शांत होत्या. "आमचं मालक सायबांच्या क्लबात झाडलोट करायचं. मोडकी म्हणून दिल्ती. तीस वर्सं शेंगा पाडतोय मी. पैसं द्या की, न्हाय म्हणत न्हाय. पण पैशानं शेंगा पडत्यात व्हय? आदी अशीच काठी आणून द्या."

अशा रीतीनं कोल्हापुरातला नावाजलेला पारखी शेवग्याची काठी करायला बसला. पहिली सागाची केली. विठाबाईंनी ती बोटावर तोलली. "शेंड्याला जड हाय. खांदा जाईल माझा." दुसरी बांबूची नेली. त्यांनी ती जमिनीवर आपटून कान लावला. "चिरल्याली हाय. ऐकाय येत न्हाय व्हय तुमास्नी?" गणपतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. परत येताना लुनावर तो एवढंच म्हणाला, "बाई वाकबगार हाय."

तिसरी त्यानं सिल्व्हर ओकची केली. लेथवर चढवून शेंड्याकडं निमुळती केली आणि आठवडाभर पॉलिश पेपर मारला. विठाबाईंनी एक डोळा मिटून ती बंदुकीसारखी धरली, टोकापर्यंत नजर नेली आणि म्हणाल्या, "सरळ हाय. ठेवा." अमरेशनं तीन हजार मोजले आणि क्यू आमच्या हातात आला.

पार्लरमध्ये अमरेशनं खिळा काढला, क्यू टेबलावर ठेवला आणि लोटला. क्यू घरंगळला नाही. बेडकासारखा टुणटुण उड्या मारत गेला. तीस उन्हाळे, तीस पावसाळे अंगणात काढून दांडा धनुष्यासारखा वाकला होता.

विठाबाईंनी एक डोळा मिटून जे बघितलं, ते आमच्या पारख्यानं बघितलंच नव्हतं. काळं लाकूड दिसलं आणि माणूस खुळा झाला.

"तीन हजार, गणपतराव," अमरेश म्हणाला.

"चुकलो," गणपती म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की खाली चनबसाप्पांनाही ऐकू गेलं. "चूक माजी हाय. दुरुस्तबी मीच करतो."

वाकडा दांडा कापून त्या मुठीत नवा बसवायचा तर चारी जिभा पुन्हा जुळवायला हव्या. दुकान सुटल्यावर तो रोज दोन तास बसायचा. तीन दांडे वाया गेले. चौथा बसला. कुठल्यातरी जुन्या विलायती खोक्याच्या फळीतला होता; झाड कुठलं ते गणपतीलाही सांगता येईना, आणि हे कबूल करताना त्याला फार त्रास झाला. पण क्यू टेबलावर लोटला तेव्हा तो पाण्यासारखा गेला. अमरेश त्यानंतर पाच वर्षं, पार्लर बंद होईपर्यंत, दुसऱ्या कुठल्या क्यूनं खेळला नाही. जिंकायचा क्वचितच. पण त्यात क्यूचा दोष नव्हता.

क्यूचं काम संपतंय तेवढ्यात बावड्याहून निरोप आला. विठाबाईंची काठी गल्लीतल्या बायकांनी हाताळून बघितली होती. धोंडुबाई, तानाबाई आणि आणखी पाच जणींना तशीच हवी होती. गणपतीनं एकेकीची उंची विचारून घेतली, झाडं बघून आला, आणि सातही काठ्या वेगवेगळ्या मापाच्या केल्या. आमचे शेठ म्हणाले, "शिंगे, पॅटर्नचं काम थांबलंय आणि तुम्ही काठ्या कसल्या घासताय?"

"शेठ," गणपती एक डोळा मिटून काठीच्या शेंड्याकडं बघत म्हणाला, "पंप वाकडा झाला तर गिऱ्हाईक पत्र लिवतंय. ह्या बाया दारात येत्यात."