बाबा भडकतात, आई त्रागा करते

आमच्या घाटकोपरच्या घरात रागासाठी शब्दांची कमी कधीच नव्हती. बाबा आधी घुश्शात असत, मग उखडत, मग तडकत आणि शेवटी भडकत. ही चढती भाजणी आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. शाळेतून आलो की आई दारातच हळूच सांगायची, "उखडलेत." म्हणजे चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत जायचं आणि पुस्तक उघडायचं. "भडकलेत" म्हणाली, तर शेजारच्या काकूंकडेच बसायचं. बाबांची उमेदीची वर्षं गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेली. साधा चहा मागितला तरी खालच्या मजल्यावर कळे. भडकल्यावर तर विचारूच नका.

दादाला पुढे स्वतःचा शब्द मिळाला. "माझी सटकली ना!" म्हणत तो दार आपटून निघून जाई आणि घर त्याला जाऊ देई. मी रडले-ओरडले की तो थयथयाट. आणि आईनं एखादं भांडं जोरात ठेवलं, तर तो त्रागा. त्रागा म्हणजे ज्याकडे कुणी लक्ष द्यायचं नसतं असा राग. "झालो हिचो त्रागो सुरू," असं म्हणून बाबा टीव्हीचा आवाज वाढवत. आईसुद्धा स्वतःबद्दल तेच म्हणायची, "मी आपला उगीच त्रागा करते."

गेल्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना चिडू देऊ नका." आता भरतीला किनाऱ्यावर येऊ नको म्हणून कोण सांगणार?

पण आम्ही सांगायला लागलो. सोसायटीची भांडणं, बातम्या, दादाच्या नोकरीतली कटकट, सगळं बाबांपासून लपवलं. ते उठेपर्यंत मिक्सर बंद. मी घरून काम करते. मीटिंगमध्ये एक कान हेडफोनला आणि दुसरा बाहेरच्या खोलीला. बाबांनी घसा खाकरला तरी माझा हात बीपीच्या मशीनकडे जाई. माझ्या एखाद्या चुकीच्या वाक्यानं बाबा जातील, या भीतीनं मी बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात म्हणून बघायला लागले. आईनं तर बोलणंच कमी केलं. घरात सगळ्यांचं जेवण ती बाबांच्या पथ्याचं करायची आणि तेच मुकाट्यानं जेवायची.

त्या रविवारी बांगड्याची आमटी होती. दादा मुलुंडहून जेवायला यायचा होता. बाबांना धीर नव्हता, म्हणून त्यांना आधी वाढलं. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"ह्या काय? मीठ नाय, काय नाय. ढोरांक घाल."

 मी मशीन आणायला उठले, तोच मोठा आवाज झाला. स्वयंपाकघरात आईनं डाव जमिनीवर फेकला होता.

"तुमचां प्रेशर वाढतलां म्हणान मी ह्या घरात खोकूक पण घाबरतंय!" ती दारात उभी राहून ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "मीठ नको, मिक्सर नको, बोलूचा नाय, रडूचा नाय! माका राग येना नाय? माका जीव नाय?"

आणि मी काय केलं? धावत जाऊन मशीन आणलं आणि त्याचा पट्टा बाबांच्या दंडाला बांधला. ओरडत होती आई, आणि मी प्रेशर बघत होते बाबांचं. वर तिलाच म्हणाले, "आई, हळू ना गं, बाबांना त्रास होईल."

 आई चौकट धरून खाली बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

बाबा माझ्यावर आता भडकणार असं मला वाटलं. त्यांनी दंडावरचा पट्टा ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"माका नको," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "तिका लाव."

आईच्या दंडाला तो पट्टा मी पहिल्यांदाच बांधला. आकडा आला तो मला खरा वाटेना, म्हणून पुन्हा घेतला. बाबांचा तेवढा कधीच नव्हता, अटॅकच्या दिवशीही नाही. ते माझ्याकडे बघत होते. काही न विचारता म्हणाले, "रिक्षा बोलव."

मी दार उघडलं तर दादा समोर. बाहेर ऐकू गेलं असावं. त्यानं घाबरून विचारलं, "काय झालं? बाबांची सटकली?"

"नाही. आई भडकलीय."

 तो खाली वाकला, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता आत आला.