अनंतरावांच्या तारेची कल्हई

शशिकला मोहरीलच्या हातची आमटी मी आठ महिने खाल्ली आणि दर वेळी वाटी पुन्हा पुढे केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची हकीकत ऐकताना कोणी मला शहाणी समजायला नको.

इंद्रपुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी सुहासिनी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, एकटी आणि जिभेने जरा तिखट. शशिकला मूळची नागपूरची. तिचे यजमान अनंतराव कारखान्यात तंत्रज्ञ होते आणि संध्याकाळी घरी लोकांचे रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. एकुलती एक मुलगी मृणाल लग्न होऊन आनंद नगरला राहत होती. शशिकलाला घर खायला उठलं. दुसरी एखादी भजनी मंडळात गेली असती, ही भंगारवाल्यांकडे जायला लागली.

त्याला निमित्त झालं एका घंगाळाचं. पोत्यात मावत नाही म्हणून आमच्या गल्लीतला कबाडी ते हातोड्याने ठेचत होता. शशिकलाने त्याचा हातच धरला. चिंच, राख आणि तीन दिवसांची मेहनत खर्ची घातल्यावर त्या घंगाळाच्या काठावर नाव उमटलं, कुण्या गोदूताईला तिच्या मामांनी लग्नात दिलेलं होतं ते. शशिकला ते नाव बोटाने वाचत बसली आणि रडली. मी तिला म्हटलं, "अगं, तू कोण त्या गोदूची?" पण खरं सांगते, मलाही कसंसंच झालं होतं.

त्यानंतर तिचा व्हरांडा भरतच गेला. जुन्या शहरातल्या जुमेरातीच्या गल्ल्या, भंगाराची गोदामं, घर मोडून मुलांकडे निघालेली म्हातारी माणसं, कुठून कुठून ती माल आणायची. फिरकीचे तांबे, पितळी डबे, तपेली, पावशेराची मापं. कुठलंही नाव तिने कधी घासून काढलं नाही. नव्या फ्लॅटवाल्या बायका गाड्या घेऊन यायच्या, घंगाळात झाडं लावायला आणि तांब्यात दिवे सोडायला.

भांड्यांचे तिने दोन ढीग केले होते, शोभेची आणि रांधायची. रांधायचं भांडं कल्हईशिवाय ती कुणाला देत नसे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, आणि कुणाच्या पोटाला त्रास झाला तर पाप आपल्या माथी, असं ती बजावून सांगायची. सोवळ्यासारखा पाळायची तो नियम. म्हणून तर मला आजही देवाचा राग येतो.

कल्हई रशीदभाई करायचे. सायकलवर भाता बांधून यायचे, आमच्या कोपऱ्यावर खड्डा खणून कोळसे पेटवायचे. शशिकला शेजारी वेताचा मोडा टाकून बसायची आणि बघत राहायची. भांडं किती तापलं की नवसागर टाकायचा, कथील कसं टेकवायचं, कापसाचा बोळा कसा एका दमात फिरवायचा, सगळं तिने डोळ्यांनी उचललं. मग रशीदभाईंना दमा लागला आणि ते यायचे बंद झाले. त्यांची मुलं मोबाइलची कव्हरं विकतात. बाजारात कथील आणायला गेली तर दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून ती तशीच परत आली.

परत आली आणि तिने अनंतरावांचं कपाट उघडलं.

त्यात सोल्डरच्या तारेची रिळं होती, मोठी, न फोडलेलीसुद्धा. रेडिओतले जोड पक्के करायला ते ती तार वापरायचे. दिसायला अगदी कथलासारखीच, चंदेरी, मऊ. अनंतरावांनी एकदा घरच्याच गळक्या घंगाळाला त्याच तारेने डाख दिला होता आणि तो आजतागायत सुटला नव्हता. शशिकलाला आणखी कसला पुरावा हवा होता? काटकसरी बाई, त्यात नवऱ्याच्या हातची वस्तू. फेकवत नव्हती आणि नुसती बघवतही नव्हती.

त्या तारेत शिसं होतं. तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तिने पहिलं पातेलं मागच्या अंगणात शेगडीवर तापवलं. नवसागराचा पांढरा धूर निघाला, त्यात राळेसारखा एक वेगळा वास मिसळलेला होता. तिने तार टेकवली, बोळा फिरवला, आणि काळपट पितळेत चांदणं पसरावं तशी झळाळी आली.

"ताई, तोंड बघा यात," ती म्हणाली.

मी पाहिलं. माझं सुरकुतलेलं तोंड मला त्यात स्वच्छ दिसलं. "रशीदभाईंच्या तोंडात मारलीस गं," मी म्हटलं. "पहिलं पातेलं मला दे." तिने दिलं. एक स्वतःच्या स्वयंपाकाला ठेवलं, पुढची विकली. सर्वांत सुबक होतं, जाड बुडाचं, त्यातल्या झळाळीवर एक डाग नव्हता, ते मात्र तिने पदराने पुसून बाजूला ठेवलं.

ते मृणालसाठी होतं. मृणालला लग्नानंतर सहा वर्षांत दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. संक्रांतीला तिने आईला तिळगूळ दिला आणि पुन्हा दिवस गेल्याचं कानात सांगितलं. शशिकला त्या दिवशी माझ्या दारात आली आणि माझे हात दाबत राहिली. दुसऱ्याच दिवशी पातेलं आनंद नगरला पोहोचलं. "ॲल्युमिनियमचं आणि ते काळं नॉनस्टिक काही वापरायचं नाही," तिने मुलीला दम भरला. "यातच रांध. अंगात कस येईल."

मृणाल आईच्या शब्दाबाहेर नव्हती. आणि तिला डोहाळे लागले ते आंबटाचे. चिंचगुळाची आमटी, ताकाची कढी, टोमॅटोचं सार, आणि उरलेलं त्याच पातेल्यात संध्याकाळपर्यंत. रोज दुपारी ती आईला रिकाम्या पातेल्याचा फोटो पाठवायची, सगळं संपवलं म्हणून. शशिकला तो फोटो मला दाखवायची. आम्ही दोघी खूश.

चैत्रात मृणालच्या पोटात कळा यायला लागल्या. पोट साफ होईना, डोकं दुखे, तोंडाला लोखंडासारखी चव येई. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या सुरू झाल्या, पण रक्त काही वाढेना. आम्ही म्हणालो, डोहाळेच कडक आहेत. वैशाखात ती माहेरी आली तेव्हा तिचा रंग पार उतरला होता. ओठसुद्धा पांढरे पडले होते. "मावशी, मी ना, शब्दच विसरते आजकल," ती हसत म्हणाली. "चमच्याला काय म्हणतात तेच आठवेना काल."

त्याच सुमारास शशिकलाचा उजवा हात मनगटातून ढिला पडायला लागला. बोळा फिरवताना सुटायचा. ती चिडचिडी झाली, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. मला पोटदुखी होती, ती मी वयावर ढकलली. सगळं समोर होतं. आणि मुलीला ताकद यावी म्हणून शशिकलाने अजून दोन छोटी भांडी कल्हई करून पाठवली, एक दुधाला आणि एक सारासाठी.

डोहाळजेवण आषाढात ठरलं. त्याच्या दोन दिवस आधी अंबरीश नावाचा एक बँकेतला मुलगा आला. जुने रेडिओ जमवायचा त्याला नाद. अनंतरावांचं काही विकायचं आहे का, विचारायला आला होता. मी तिथेच वाती वळत बसले होते. अंबरीशने एक रेडिओ उलटा केला, आत डोकावला आणि खूश झाला. मग त्याची नजर खिडकीत गेली. तिथे शशिकलाने रिकामी रिळं ओळीने मांडली होती, त्यांना ती सुतळी गुंडाळायची.

"काकू, काकांनंतर इथे रिपेअरिंग कोण करतं?" त्याने विचारलं. "एवढी तार किसने खतम केली?"

"मी," शशिकला म्हणाली. तिचा चेहरा फुलला. "कल्हई करते मी. बघ." आणि तिने एक तपेलं त्याच्या हातात दिलं.

त्याने तपेल्यात बघितलं. बोट आतून फिरवलं आणि लगेच ते बोट पॅंटला पुसलं. ते पुसणं मला दिसलं आणि का कोण जाणे, माझ्या हातातली वात तशीच राहिली.

"काकू, हे शोपीस आहे ना? यात कुणी खात तर नाही?"

"शोभेच्या भांड्याला कोण कल्हई करतं रे? यात आमटी कर, कढी कर, काही कळकायचं नाही."

"काकू, यात शिसं असतं," तो हळू बोलला. "शंभरात चाळीस भाग शिसं. ज़हर आहे ते. आम्ही सोल्डरिंग केल्यावर हात धुतल्याशिवाय पाणीपण पीत नाही."

"काहीतरीच. ह्यांनी घंगाळाला याच तारेने डाख दिलाय."

"घंगाळात आंघोळीचं पाणी असतं, काकू. आमटी नाही."

शशिकलाने त्याच्या हातातलं तपेलं काढून घेतलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "साडेबारा वाजले. ती आता जेवायला बसेल." फोन लावला, तो उचलला गेला नाही. तशीच अनवाणी निघाली. अंबरीशने आम्हाला गाडीत घातलं. वाटेत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मीच सांगितलं होतं, यातच रांध म्हणून." मला तिला गप्प बस म्हणावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार? माझ्या स्वयंपाकघरातही तसलंच पातेलं होतं.

मृणाल जेवायला बसली होती. समोर कढी. शशिकलाने तिच्या हातातली वाटी हिसकावली, कढी मोरीत ओतली आणि पातेलं दाराबाहेर फेकलं. मृणाल घाबरून पोटावर हात ठेवून उभी राहिली. जावई सत्यजित आतून धावत आला. सगळं सांगायचं ते मी सांगितलं, शशिकला तोवर ओट्यावरची दोन छोटी भांडी उचलत होती.

मृणालने दाराबाहेर पडलेल्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, मी तुला रोज फोटो पाठवत होते." आवाज चढवला नाही पोरीने. चढवला असता तर बरं झालं असतं.

रक्त तपासायला मुंबईला गेलं. डोहाळजेवण झालं नाही. रिपोर्ट आला त्यात शिशाचा आकडा हवा त्याच्या कितीतरी पट होता. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शिसं हाडात जाऊन बसतं, एका दिवसात निघत नाही, आणि आईच्या रक्तात जे असतं ते बाळापर्यंत पोहोचतं. बाळाच्या मेंदूवर किती परिणाम झाला असेल, हे आत्ता कुणीच सांगू शकणार नाही. माझ्या आणि शशिकलाच्या रक्तातही निघालं. आमचं काय, आमची लाकडं मसणात गेलेली. आमच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

विकलेली भांडी परत आणायला आम्ही दोघी ऊन-पाऊस न बघता फिरलो. काही बायकांनी भांडी हातात दिली आणि दार लावून घेतलं. एकीला वाटलं, आम्हाला तिचं पातेलं जास्त किमतीला विकायचंय, ती देईचना. शशिकलाने तिच्या दारात बसकण मारली आणि माझ्या लेकीचं असं झालंय म्हणून सांगितलं, तेव्हा ती बाई आतून पातेलं घेऊन आली, त्यात सकाळची भाजी तशीच होती. दोन भांडी मिळालीच नाहीत. कुणी नेली ते आठवत नाही. शशिकला रस्त्याने जाताना लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांकडे बघत चालते.

श्रावणात मृणालला महिना आधीच मुलगी झाली. मूठभर, पण रडली जोरात. काचेच्या पेटीतून आठवड्याने बाहेर आली. दिसायला गोड आहे, नाक अनंतरावांचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आत्ता तरी सगळं ठीक दिसतंय, पुढे बसेल कधी, बोलेल कधी, शाळेत कशी असेल, ते बघत राहावं लागेल. वर्षानुवर्षं.

शशिकलाने कबाडीकडे जाणं सोडलं. व्हरांडा रिकामा आहे. रोज संध्याकाळी ती आनंद नगरला जाते. मृणाल तिला दार उघडते, चहा देते, नीट बोलते. फक्त आईने डब्यातून काही आणलं तर ते उघडत नसे, ओट्यावर ठेवून देई. मग शशिकलाने डबा नेणं बंद केलं, का, ते मी तिला विचारलं नाही.

परवा मीही तिच्याबरोबर गेले होते. मुलगी आता सहा महिन्यांची झालीय. गादीवर पडून पंख्याकडे बघत होती. शशिकला तिच्या डाव्या बाजूला बसली आणि प्लास्टिकचा खुळखुळा वाजवला. मुलगी लगेच वळली आणि बोळकं पसरून हसली. माझा जीव भांड्यात पडला. शशिकला उजवीकडे गेली, पुन्हा वाजवला. मुलगी वळली. शशिकला पायाशी गेली, पुन्हा वाजवला, मग डोक्यामागे जाऊन पुन्हा. मुलगी दर वेळी वळत होती, पण आता हसत नव्हती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"आई, बस," मृणाल म्हणाली. "ऐकू येतं तिला. वळतेय ती."

"हो," शशिकला म्हणाली, आणि तिने खुळखुळा पुन्हा वाजवला.