‘सायकल चालवता येते’

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका उमेदवाराची मुलाखत घेत होते. स्क्रीनवर ‘सुनंदा कॅन्ट’ असं नाव उमटलं. दिल्ली सोडून तिला सव्वा वर्ष झालं होतं, तरी माझ्या फोनमध्ये ती अजून कॅन्टोन्मेंटमध्येच राहत होती. मी फोन कट केला, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते’ हा तयार मेसेज पाठवून दिला आणि समोरच्या माणसाला, पाच वर्षांनी तो स्वतःला कुठे बघतो, हे विचारलं. तासाभराने पाहिलं तर तीन मिस्ड कॉल होते. परत लावला, तर पलीकडे तिचा नवरा. मारुतीराव म्हणजे फौजेत हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आवाज कधी चढत नाही की पडत नाही. “ताई, सुनंदा गेली,” ते म्हणाले. “सकाळीच. डोक्यातली नस फुटली म्हणाले डॉक्टर.” ...त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून हे लिहायचं म्हणते आहे आणि दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलते आहे.

आमची ओळख दिल्लीत, द्वारकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. कॅन्टोन्मेंटमधल्या बायका मोदकांना मदत करायला यायच्या. सुनंदा माझ्यासमोर बसली होती. तिच्या मोदकांच्या कळ्या मोजून घ्याव्यात अशा, आणि माझे मोदक उकडायच्या आधीच तोंड उघडून बसलेले. तिने न बोलता माझ्यापुढची उकड आपल्याकडे ओढून घेतली आणि विचारलं, “तुम्ही लोकांना नोकऱ्या देता म्हणे?” मी गुडगावच्या एका कंपनीत भरतीचं काम बघते. म्हटलं, देणारी कंपनी, मी आपली मधली. त्यावर म्हणाली, “मग माझ्यासाठी पण मधल्या व्हा. सरकारी पाहिजे. खालच्यातली खालची चालेल.” मी हसले. ती हसली नाही.

तिच्या मागणीत घाई होती, कारण दीड वर्षाने मारुतीराव निवृत्त होणार होते आणि मग बिऱ्हाड खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी जाणार होतं, दीर-जावांच्या भरल्या घरात. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी तिने नवऱ्याच्या बदल्यांमागे छावण्या पालटण्यात घालवली आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुरू केलं. जम्मूला शिवणक्लास, जोधपूरला बालवाडी, इथे पाळणाघर. बदलीचा कागद आला की सगळं अर्धवट टाकून ट्रंका भरायच्या. “गावी जायच्या आधी माझं काहीतरी पाहिजे, ताई,” ती म्हणायची. “नुसती फौजीची बायको म्हणून गेले तर पहिल्या दिवशी चहा देतील, दुसऱ्या दिवसापासून चूल. नोकरी घेऊन गेले तर सकाळी पदर खोचून घराबाहेर पडता येईल.” एवढंच तिला हवं होतं, सकाळी घराबाहेर पडता येणं.

मग रविवार ठरून गेला. दुपारी जेवणं आटोपली की ती बसने माझ्या घरी यायची, काखेत निळी प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये सगळ्यात वर दहावीची गुणपत्रिका, लॅमिनेशन केलेली. नव्वद टक्क्यांना जरासे कमी. शाळेत पहिली, केंद्रात पहिली. बारावीच्या आधीच लग्न ठरलं, त्यामुळे पुढे दाखवण्यासारखा कागद नव्हता, पण हा एक कागद ती अशी काढायची की माझी लेक इरासुद्धा मोबाइल बाजूला ठेवून बघायची. आम्ही जाहिराती धुंडाळायचो. कुठे पदवी मागत, कुठे टायपिंग, कुठे वय आड येई. तिला चाळीस पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते. एखादी जाहिरात हातची गेली की ती म्हणायची, “कोई बात नहीं,” आणि उठून माझ्या ओट्यावर चहा टाकायची. माझ्या घरात साखर कुठे आहे हे इराला आजही माहीत नाही, सुनंदाला माहीत होतं.

आणि एका रविवारी टपाल खात्याची जाहिरात सापडली. गावोगावच्या छोट्या टपाल कार्यालयांत डाकसेवक हवे होते. शिक्षण दहावी, मराठी विषय, परीक्षा नाही, मुलाखत नाही, निवड फक्त दहावीच्या गुणांवर. वय चाळीसपर्यंत. गावांच्या यादीत तिचं गाव होतं आणि शेजारचंही. सुनंदा स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की मला काही दिसेना. मी भराभर अर्ज भरायला घेतला आणि एका चौकोनाशी अडले. उमेदवाराला सायकल चालवता येते, असं जाहीर करायचं होतं. “मला नाही येत,” ती म्हणाली. मी म्हटलं, टिक करून टाकू, कोण बघतंय, नंतर शीक सावकाश. तिने माझ्या हातातला माउसच धरला. “येत नाही तर येते असं कसं लिहायचं? शेवटच्या तारखेला किती दिवस आहेत?” तेरा दिवस होते. फाइल बंद करून ती निघाली.

कॅन्टोन्मेंटच्या मैदानामागच्या रस्त्यावर एकोणचाळीस वर्षांची सुनंदा सायकल शिकली. लेक प्रणालीसाठी घेतलेली जुनी लाल सायकल, सलवारीला खाली रबरबँड, आणि मागे कॅरिअर धरून मी. मी दोनच दिवस गेले, तेवढ्यात माझी कंबर धरली. बाकीचे दिवस प्रणालीने आईला शिकवलं. जाणारे-येणारे जवान आदबीने दुसरीकडे बघायचे. ती पडायची, उठायची, आणि हँडलला दम भरायची. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या दारात आली ती त्याच सायकलवरून, कॅन्टोन्मेंटपासून द्वारकेपर्यंत, कोपर सोललेलं, चेहरा लालबुंद. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “आता करा टिक.”

शेवटचा दिवस म्हणून वेबसाइट मुंगीच्या चालीने हलत होती. तिच्या मोबाइलवर ओटीपी काही येईना. मारुतीराव युनिटबरोबर बाहेर होते, त्यांचा फोन लागेना. ईमेल तिला नव्हताच. शेवटी मी माझाच मोबाइल नंबर टाकला, माझाच ईमेल टाकला आणि अर्ज गेला. “आता तू नको टेन्शन घेऊ, मी बघते,” मी म्हटलं. हे वाक्य मी दिवसातून दहा जणांना म्हणते. तिने ते खरं मानलं. स्वतः बघणं तिने त्या दिवसापासून सोडून दिलं आणि दर रविवारी एवढंच विचारायची, “ताई, काही आलं का?”

पहिली यादी मी बघितली, दुसरी बघितली. यादीत नावं नसतात, नोंदणी क्रमांक आणि टक्के असतात. तिचा क्रमांक नव्हता. पुढेही याद्या लागतात हे मला माहीत होतं. मग ऑफिसात मोठी भरती निघाली, मी शनिवार-रविवारही कामात बुडाले, आणि तिचा प्रश्न फोनवर यायला लागला. मी न बघताच “अजून नाही गं” म्हणायचे. एके दिवशी कुरिअरचा ओटीपी शोधत मेसेज वर सरकवत होते. सेलच्या, कर्जाच्या, पिझ्झाच्या जाहिरातींच्या मधोमध तो मेसेज होता. तिची निवड झाली होती. गाव शेजारचं, दुसऱ्या पसंतीचं. कागदपत्रं घेऊन हजर राहायची मुदत उलटून बावीस दिवस झाले होते. ईमेलही आला होता, त्याच तारखेचा, न उघडलेला. दुसऱ्या दिवशी मी तिथल्या टपाल कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की मुदत संपली, पुढची यादी लागली, त्या जागेवर एक मुलगी रुजूही झाली. हजारो लोकांचे अर्ज सांभाळणारी मी, आणि दिव्याखाली हा अंधार.

त्या रविवारी ती आली. चहा टाकता टाकता, पाठमोरीच, तिने विचारलं, “काही आलं का?”

मी म्हटलं, “नाही गं. काही नाही आलं. आता बहुतेक येणार नाही.”

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, “कोई बात नहीं.” तेव्हा मी मनाशी हिशेब मांडला होता की जागा तर गेलीच आहे, खरं सांगून तिला दुप्पट दुःख कशाला द्यायचं. तिच्या भल्यासाठी गप्प बसले असं मला खरोखर वाटत होतं. आज सरळ लिहिते, मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. झाकली मूठ मी माझ्यासाठी झाकली होती. पुढच्या जाहिरातीपर्यंत तिची चाळिशी उलटली. मारुतीरावांच्या निवृत्तीनंतर ट्रंका भरल्या गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी ती लाल सायकल माझ्याकडे सोडून गेली. म्हणाली, “गावी नेऊन काय करू? इराला होईल. पण हवा भरत जा, नाहीतर टायर बसतात.” त्यानंतर तिचे फोन यायचे, संक्रांतीला, दिवाळीला. चूल, गुरं, जावेची बाळंतपणं. मी कितीदा तोंड उघडलं आणि हवापाणी विचारून मिटलं. सांगू, प्रत्यक्ष भेटल्यावर सांगू, असं करत सव्वा वर्ष गेलं आणि माणूसच गेलं.

तेराव्यानंतर मी मारुतीरावांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मेसेज, बावीस दिवस, माझं खोटं. त्यांनी ऐकून घेतलं. मागे कुठेतरी बादली भरत असल्याचा आवाज येत होता... मग म्हणाले, “नोकरी गेली ते जाऊ द्या, ताई. चूक कुणाकडून पण होते. पण तिला सांगायला पाहिजे होतं. निवड मार्कांवर होती ना? तिला वाटलं, तिचे मार्क कमी पडले. गावी आल्यावर तिने ती मार्कशीट ट्रंकेच्या तळाला टाकली. प्रणाली दहावीला चांगली पास झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, आईवर गेली. तर ही म्हणते, माझे कसले मार्क, ते आता कुठे चालत नाहीत.”

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी समजत होते, मी तिची एक नोकरी घालवली. तिच्याजवळ अभिमानाने दाखवायचा एकच कागद होता, तोही मी माझ्या एका ‘नाही’ने खोटा ठरवला होता, आणि ती तसंच मानून गेली. आता कुणाची आणि कशी माफी मागायची?

मला एवढंच सुचलं. ती जुनी यादी मी पुन्हा शोधली, तिच्या क्रमांकाचं पान छापलं, त्या ओळीखाली पेनने रेघ ओढली, क्रमांक, टक्के, निवड, आणि प्रणालीच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबत चार ओळी लिहिल्या, की तुझ्या आईचे मार्क पुरले होते, कमी पडले ते माझं लक्ष. पाच दिवसांनी मारुतीरावांचा फोन आला. पत्र मिळालं, म्हणाले. प्रणालीने ट्रंकेतून मार्कशीट वर काढली आणि ते पान तिच्या मागे लावून ठेवलं. मी विचारलं, आणखी काही म्हणाली का ती? नाही म्हणाले. मग म्हणाले, “शेजारच्या गावच्या पोस्टात ती मुलगी लागली ना, हल्ली आमच्या गावचं टपालपण तीच करते. सायकलवर आली होती पत्र द्यायला. प्रणाली बराच वेळ दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.”

लाल सायकल अजून माझ्या बाल्कनीत आहे. इराने तिला हात लावला नाही, तिला स्कूटी हवी आहे. वॉचमनने दोनदा विचारलं, भंगारवाल्याला देऊ का, मी नको म्हटलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी पंप काढते. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल आहे, आठवड्यात हवा उतरतेच. गेल्या रविवारी पंप मारता मारता हात दुखले म्हणून खाली बसले. घरात कुणी नव्हतं, आणि सवयीने ती वेळ तिच्या प्रश्नाची होती. मी चाकाला हात टेकून म्हटलं, “आलं होतं, सुनंदा. तुझा नंबर लागला होता.”

मग उठून उरलेली हवा भरली.