कोरड्या रेडिएटरचं पाणी

या सदरात लोक चकवा, हडळ, मुंजा असलं काय काय लिहितात. ते मी चहा पिता पिता वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. मी अशातला माणूस नाही. कचेरीत उभा जन्म गेला, कागदावर सही-शिक्का नसेल तर मी सख्ख्या भावाचंही खरं धरत नाही. तरी आज लिहायला बसलोय... कारण गेल्या महिन्यात आमच्या घरात एक बोलणं झालं आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

गोष्ट लातूर जिल्हा नवीन झाला त्या काळातली. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, कचेऱ्या उघडल्या, भरती झाली आणि मी कारकून म्हणून चिकटलो. घर मात्र चाकूरच्या पलीकडे, आत एका खेड्यात. आमचे वडील – अप्पा – भुसाराचे व्यापारी. पोरगा जिल्ह्याच्या कचेरीत लागला म्हणजे दारात गाडी पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि उदगीरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यांनी ही गाडी आणली. कंपनीचं नाव सांगत नाही, ती केव्हाच बंद पडली. दोन दारांची, बुटकी, फिकट निळी. जाणकार ओळखतील.

आमच्याकडे ती कुणालाच आवडली नाही. पैसेवाल्यांकडे जीप असायची, नाहीतर ती मोठी फुगीर गाडी. आमची पाहून पारावरचे लोक विचारायचे, "अप्पा, ही गाडी हाय का गाडीचं पिल्लू?" मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. माझी बायको नंदा नवीन लुगड्यात घुसताना अडकली की म्हणायची, "मागल्या जन्मी कोंबडी होते की काय मी, ह्या खुराड्यात शिरायला?" मलाही कचेरीत त्या गाडीतून उतरायची लाज वाटायची, म्हणून मी एसटीनेच जायचो. एकटे अप्पा तेवढे रोज तिला फडक्याने पुसायचे.

मग दुष्काळ आला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. टँकर आठवड्यातून दोनदा, विहिरीच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता. लोक एरवी गाडीतलं पेट्रोल चोरतात, आमच्या गाडीतलं पाणी चोरीला गेलं! कुणीतरी रेडिएटरच्या खालची तोटी उघडून शेळीला पाजलं. त्यावरून नंदाचं आणि अप्पांचं वाजलं. "माणसाला पाणी न्हाई अन् ह्या डबड्याला पाजायलेत," ती म्हणाली. अप्पांनी मग नेमच लावून घेतला. दिवेलागणीला तोटी उघडून सगळं पाणी बादलीत काढायचं, बादली देवघराजवळ झाकून ठेवायची, सकाळी तोटी बंद करून तेच गंजकट तांबडं पाणी परत ओतायचं. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. त्यामुळे ते माझ्या ध्यानातही नसायचं, गाडीत पाणी असतंच एवढंच मला माहीत.

त्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी होतो. आमची निलू तेव्हा अडीच वर्षांची. टँकरचं पाणी बाधलं असावं, गावात बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब सुरू होते. निलूला रात्रीपासून लागले. सकाळी तिचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. गावच्या डॉक्टरने पाहिलं आणि एकच सांगितलं, "लातूरला न्या. आत्ता." एसटी नुकतीच गेलेली, पुढची दुपारी.

किल्ली देवघरातल्या खुंटीवर होती. अप्पा पूजेला बसलेले, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्यावर. आमच्या लिंगायतांच्या घरांत ही पूजा रोजची. पण अप्पांचा नेम कडक, पूजा चालू असताना मौन. घर पेटलं तरी बोलणार नाहीत असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. मी किल्ली काढली, म्हणालो, "अप्पा, निलूला लातूरला नेतो." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात उचलून हलवला. मला वाटलं, आशीर्वाद दिला. मी तिथूनच हात जोडले आणि पळालो.

नंदा निलूला मांडीवर घेऊन पुढे बसली. हातात एक छोटा कॅन, त्यात मीठ-साखरेचं पाणी. तेही जेमतेम अर्धा कॅन. घरात प्यायचं तेवढंच उरलं होतं. ती चमच्याने पाजत होती, निलू ओकत होती, ती परत पाजत होती. चाकूर मागे पडलं. रस्ता निर्मनुष्य, दोन्ही बाजूंना भेगाळलेली रानं. आष्टामोड यायच्या बऱ्याच अलीकडे गाडीला ओढ राहिली नाही. करपल्यासारखा वास आला. तापमानाचा काटा मेलेलाच होता, त्यामुळे कळायला मार्ग नाही. एका बाभळीखाली गाडी आपोआप थांबल्यासारखी थांबली.

मी बॉनेट उघडलं. त्या गाडीचं बॉनेट पुढच्या बाजूला कलतं, इंजिन सगळं उघडं पडतं. टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ नाही, फुसफुस नाही. आत डोकावलो – कोरडं ठाक. मला वाटलं वाटेत गळलं. चहूकडे नजर फिरवली. घर नाही, वस्ती नाही, एक विहीर होती तिच्यात काटक्या. जाणारं-येणारं एक वाहन नाही.

"कॅन दे," मी खिडकीशी येऊन म्हणालो.

"कशाला?"

"रेडिएटर कोरडा हाय. पाणी घातल्याबिगर गाडी हलत न्हाई."

"हे तिचं पाणी हाय." नंदाने कॅन छातीशी धरला. "एक थेंब देनार न्हाई."

"अगं, लातूरला पोचलो न्हाई तर हे पाणी पाजून काय उपयोग?"

"अन् पाजलं न्हाई तर कुनाला पोचवायलात?"

निलू रडायची थांबली होती. चमच्यातलं पाणी तिच्या ओठावरून ओघळून हनुवटीवर येत होतं, ती गिळत नव्हती. आता जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही... त्या क्षणी मी मनात धरलं की पोरगी हातची गेली. आता वाचलीच तर सलाईननेच वाचेल, हे पाणी तिच्या पोटात जातच नाहीये. मी नंदाला म्हणालो, "कॅन उन्हात तापला असंल, बघू." तिने निलूवरची नजर न हलवता दिला. मी पुढे गेलो, गाडीच्या काचेकडे पाठ केली आणि माझ्या लेकीचं पाणी, होतं नव्हतं तेवढं सगळं, रेडिएटरमध्ये ओतलं.

ओतून झाल्यावर रिकामा कॅन हातात राहिला तेव्हा मी काय केलं ते मला कळलं. देवाचं नावसुद्धा घेववेना, कोणत्या तोंडाने घेणार? किती पाणी दिसतंय ते बघायला वाकलो.

पाणी काठोकाठ होतं.

अर्ध्या कॅनने ते भरणं शक्यच नव्हतं, त्याला सहज अर्धी बादली लागते. आणि पाणी तांबडं नव्हतं. स्वच्छ होतं. मी बोट घातलं – थंडगार. मेच्या उन्हात, तापलेल्या इंजिनापुढे, रांजणातल्यासारखं थंड. जिभेला लावलं. मीठ नाही, साखर नाही, गोड्या विहिरीचं असतं तसं पाणी. मी विचार केला नाही. कॅन तिरपा करून बुडवता येईना म्हणून कॅनच्याच झाकणाने काढून काढून तो भरला. किती वेळ लागला, पातळी उतरली की नाही, मला सांगता येणार नाही. मग रेडिएटर बंद केला, बॉनेट पाडलं.

नंदाने चमचा निलूच्या तोंडाला लावला. निलूने गिळलं. मग दुसरा. मग तिने हाताने चमचा धरला. नंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "थंड हाय." गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि लातूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत कुठे आचका दिला नाही.

सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, वाटेत पाजत राहिलात म्हणून शीर तरी सापडली. दिवस कलताना निलूने डोळे उघडून "भाकल" मागितली. नंदा तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडलो.

थोड्या वेळाने अप्पा आले. एसटीने आले होते, धोतर धुळीने भरलेलं, आणि हातात गच्च झाकलेला तेलाचा डबा. नातीला डोळे भरून पाहिल्यावर त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. आत ते तांबडं पाणी.

"बसू, तू पाणी न वतताच गाडी नेलास," मला घरच्या नावाने हाक मारून ते म्हणाले. "मी हात केला की रे बादलीकडं. तू हात जोडून गेलास. मला वाटलं समजलास." वाटभर ते बसच्या खिडकीतून आम्हाला शोधत आले होते, कुठे अडकून पडलो असू म्हणून. "बोलायला पाहिजे होतं मी... पूजा मोडायला पाहिजे होती." एवढं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण परत गच्च लावलं.

मी म्हणालो, "अप्पा, पाणी होतं गाडीत. मी डोळ्यांनी पाहिलं."

"कसं ऱ्हाईल? काल सांजच्याला मी काढलो. तोटी बी उघडीच हाय."

आम्ही बाहेर गेलो. अप्पा गाडीखाली वाकले. तोटी पूर्ण उघडी. झाकण काढलं, आत कोरडं. खालची जमीनही कोरडी. म्हणजे मी ओतलेलं पाणीसुद्धा थेट बाभळीखालच्या मातीत गेलेलं असणार. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन तपासलं आणि माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाला, "साहेब, चाकूरहून कोरडी आणली असती तर हे जाम झालं असतं. कुनाला सांगायलात?"

त्यानंतर गाडीला कुणी डबडं म्हटलं नाही. अप्पा गेले तरी ती विकली नाही. दसऱ्याला देवाच्या आधी नंदा तिला हळद-कुंकू लावते. दुपारी तिच्यात बसून शेंगा सोलते, नातवंडं आली की त्यांना मागच्या सीटवर झोपवते. पाहुण्याने नावं ठेवली तर त्याला दुसरा चहा मिळत नाही. गेल्या महिन्यात हैदराबादहून एक जुन्या गाड्यांचा शौकीन आला होता, तासभर तिच्याभोवती फिरला. अशा गाड्यांची लोकांना आत्ता कुठे किंमत कळतीय म्हणाला. मागाल ते देतो म्हणाला. नंदाने त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी का कुणास ठाऊक, मला राहवलं नाही. निलू आता स्वतः दोन पोरांची आई आहे, पुण्यात असते, आता सांगायला हरकत नाही असं वाटलं. मी नंदाला म्हणालो, "त्या दिवशी कॅनमधलं पाणी मी..."

"वतलं," ती म्हणाली. "पाहिलं की मी. तुमचा हात हलताना काचंतून दिसत होता."

ती शेंगा सोलतच होती.

"मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "निलू गेली तर तिला माती द्यायची अन् तिथनंच माहेरी जायचं. तुमचं तोंड न्हाई बघायचं जल्मात. लोक म्हनतात त्या गाडीनं पोरगी दिली. मला तिनं नवरा बी दिलाय वापस."

एवढं बोलून ती शेंगांचं सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळाने तिने मला जेवायला हाक मारली, रोजच्यासारखी.

त्या रेडिएटरमध्ये पाणी कुठून आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इंजिनिअर जावयाने तीन तर्क सांगितले, एकही पटला नाही. पण खरं सांगू का, आता माझी झोप त्या पाण्याने उडालेली नाही. सगळं पाहून, सगळं माहीत असून ही बाई इतकी वर्षं माझ्या ताटात गरम भाकरी कशी वाढत आली... ते मला अजिबात कळत नाही.