मॉडलमध्ये आहे ना!

माझी बायको म्हणते, तुम्ही ऑफिसातून पगार महिन्यातून एकदा आणता आणि किस्से रोज. खरं आहे. वडील दुर्गला रेल्वेत, माझा जन्म भिलाईत, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. त्यामुळे एकच किस्सा मला दोन भाषांत सांगता येतो आणि साठा आपोआप दुप्पट होतो.

पण गेल्या काही वर्षांत जमलेला सगळा माल एकाच इमारतीचा आहे. भिलाईच्या सिव्हिक सेंटरपासून थोड्या अंतरावर एक पाच मजली ट्रेनिंग सेंटर उभं करायचं होतं, आणि तेही बीआयएम पद्धतीने. म्हणजे काय, तर आधी कॉम्प्युटरवर इमारतीचं थ्रीडी मॉडल बनवायचं. खांब, पाइप, दरवाजे, बल्ब, सगळ्यांची माहिती त्यात भरायची. मग त्यावरून बांधायचं, त्यावरूनच देखभाल करायची आणि म्हातारी झाली की त्यावरूनच पाडायची. शिकवायला आलेला माणूस याला ‘लाइफ सायकल’ म्हणाला. आमच्या साहेबांनी लगेच सोपं करून सांगितलं, “जनम से श्मशान तक!”

मॉडल बनवायचं काम माझं. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी साइटवर जाणंच सोडलं. साइटवर धूळ असते, मॉडलमध्ये नसते. ते साइटसमोरच्या एसी केबिनमध्ये बसून माउसने इमारत फिरवायचे.

* * *

भूमिपूजनाच्या दिवसाचीच गोष्ट. मॉडलच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘इमारत पाडण्याचं अपेक्षित वर्ष’. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जाईना. इथे अजून नारळ फुटायचा होता!

आमचा सुपरवायझर देवांगन सरळ माणूस. तो हात जोडून पंडितजींपुढे गेला. “महाराज, लगे हाथ गिराने का मुहूर्त भी निकाल दो.”

पंडितजींनी पंचांग मिटलं. “पहले ये बताओ बेटा, ठेकेदार कौन है?”

* * *

मग सुनीता वासनिक ताई आल्या. भिलाईच्याच कॅम्प-1 वस्तीत वाढलेल्या, वडील स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. साइटवरच्या एकमेव बाई इंजिनिअर. बाकी बायका म्हणजे विटा-रेती वाहणाऱ्या वीसेक रेजा.

पहिल्याच दिवशी ताईंनी साहेबांना विचारलं, “सर, लेडीज टॉयलेट किधर है?”

साहेब खूश झाले. मॉडलबद्दल कोणी काही विचारलं की ते खूशच होतात. त्यांनी माउस फिरवला, झूम केलं. “हर फ्लोर पर है! एग्जॉस्ट फैन भी दिया है. टाइल्स देखो, टाइल्स!”

“सर, अभी किधर है?”

“मॉडल में है ना!”

बाहेर तेव्हा पायाचा खड्डा होता आणि त्यात एक कुत्रं झोपलं होतं. ताईंनी स्कूटीला किक मारली आणि सिव्हिक सेंटरचं सार्वजनिक टॉयलेट गाठलं. त्यानंतर हे रोजचंच झालं, दिवसातून दोनदा. रेजांकडे स्कूटी नव्हती. त्या झुडपामागे जायच्या आणि एकजण पाठ करून पहारा द्यायची. किस्से सांगायला बसलोय, पण या जागी मला हसू येत नाही.

* * *

मॉडल सुंदर दिसावं म्हणून मी त्यात थोडी झाडं आणि माणसं उभी केली होती. तयार चित्रं मिळतात तशी. आता बीआयएमची गंमत अशी की मॉडलमध्ये जे जे आहे त्याची यादी ते आपोआप काढून देतं. साहेबांनी यादी न वाचता खरेदी विभागाला पाठवून दिली.

आठवड्याने पत्र आलं. ‘आपल्या यादीतील “उभी महिला, साडीसह, चौदा नग” या बाबीचं स्पेसिफिकेशन व वॉरंटी कळवावी.’

मी घाम पुसेपर्यंत दुर्गच्या एका सप्लायरचं कोटेशनही येऊन पडलं होतं. ‘माल उपलब्ध. डिलिव्हरी पंधरा दिवसांत.’

ताईंनी ते दोनदा वाचलं. “पाहा भाऊ! बाया मागवून राहिले, पन टॉयलेट नाही मागवत!”

* * *

मॉडलचा सगळ्यात मोठा फायदा म्हणे क्लॅश. म्हणजे पाइप तुळईतून जात असेल किंवा एसीचा डक्ट जिन्यात घुसत असेल, तर कॉम्प्युटर आधीच लाल करून दाखवतो. बांधून झाल्यावर फोडाफोड नको.

पहिल्या तपासणीत आमचा अख्खा स्क्रीन लाल झाला. आढावा बैठकीला अर्धा तास उरलेला. साहेब मात्र शांत. त्यांनी विचारलं, “ये डक्ट वाली लेयर छुपा सकते हैं क्या?”

मी लपवली.

“अब देखो! एक भी क्लैश नहीं!”

बैठकीत टाळ्या झाल्या. चार महिन्यांनी देवांगनचा साइटवरून फोन आला. “सर, डक्ट और बीम दोनों एक ही जगह आ गए हैं. किसको छुपाऊँ?”

* * *

आता माझ्या पापाचा किस्सा.

काम पूर्ण झालं की मॉडलमध्ये ती खोली हिरवी करायची असा नियम होता. तिसऱ्या मजल्यावर लेडीज टॉयलेटच्या दाराची चौकट बसली. फक्त चौकट! महिनाअखेर होती, साहेब मागे उभे होते. “चौखट लग गया मतलब हो गया. हरा करो.” मी केलं. मग बाकीच्या मजल्यांवरचीही केली.

हिरवं झालं म्हटल्यावर आतला खर्च कशाला? जेन्ट्स टॉयलेट बांधून चालू झाली. लेडीजच्या खोल्यांत सिमेंटच्या गोण्या आणि फायली गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तर सर्व्हर बसवला. कशाचा सर्व्हर? मॉडलचा!

ताईंनी ऑनलाइन तक्रार टाकली. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘मॉडलनुसार सुविधा उपलब्ध. तक्रार बंद.’ त्यांनी सहा वेळा टाकली, ती सहा वेळा बंद झाली. इतकं तत्पर ऑफिस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ताईंना दुसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप उतरेना. मी त्यांच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. ताई उशीला टेकून बसल्या होत्या.

“भाऊ, थे हिरवं कोनं केलं?”

“मी.”

“कावून?”

“साहेब म्हणाले.”

“मी सकाळपासून पानीच पेत नाही, मालूम आहे तुले? जाऊ कुठी? अन् त्या रेजा तं दिवसभर उन्हात वझं वाहतात.”

मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी मी पाचही खोल्या लाल केल्या. संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा हिरव्या झाल्या होत्या आणि रंग बदलायचा माझा पासवर्ड चालेनासा झाला होता. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, फक्त आता थ्रीडीमध्ये.

* * *

इमारत झाली, पण साहेब समोरच्या केबिनमध्येच राहिले. रेजा दुसऱ्या साइटवर गेल्या आणि त्यांच्या जागी सफाईवाल्या आल्या. टॉयलेट त्यांच्याही नशिबी नव्हतंच. मग देखभालीचा अध्याय सुरू झाला. मॉडल आता रोज सकाळी स्वतःच हुकूम सोडायचं, लेडीज टॉयलेट, प्रत्येक मजला, दिवसातून तीनदा सफाई. सफाईवाल्या फुलबाईने मोबाइलवर टिक केलं नाही तर तिची हजेरी कापली जायची. ती बिचारी टिक करायची.

वर्षअखेर ‘सर्वोत्तम स्वच्छ स्वच्छतागृह’ असं सर्टिफिकेट कॉम्प्युटरनेच काढलं. तिसरा मजला, लेडीज! साहेबांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं आणि फुलबाईला बोलावून शाबासकी दिली.

फुलबाई छत्तीसगढीत म्हणाली, “सबले साफ तो इही हे साहब. एमा कोनो जाबे नइ करय!” म्हणजे, सगळ्यात साफ हेच, यात कोणी जातच नाही!

साहेब म्हणाले, “व्हेरी गुड.”

* * *

आणि मग रायपूरहून मोठ्या मॅडम आल्या. आमचं काम साऱ्या राज्यात आदर्श म्हणून दाखवायचं की नाही, ते त्या ठरवणार होत्या. साहेबांनी महिनाभर तयारी केली होती. केबिनमध्ये मोठा स्क्रीन, समोसे, चहा. साहेब दोन तास बोलले. जनम से श्मशान तक! मॅडमचे तीन कप चहा झाले.

शेवटी मॅडम ताईंकडे झुकून हळूच म्हणाल्या, “वॉशरूम किधर है?”

ताईंनी तोंड उघडायच्या आत साहेबांनी ऐकलं. “हर फ्लोर पर है मैडम! ये देखिए!” त्यांनी झूम केलं. “और थर्ड फ्लोर वाला तो सर्टिफाइड है.”

देवांगनने समोसा तोंडापर्यंत नेला होता, तो तिथेच राहिला.

ताई उठल्या. टेबलावरचा टॅब उचलला, मॅडमच्या हातात दिला आणि अगदी अदबीने म्हणाल्या, “मैडम, ये साथ में ले जाइए. दरवाज़ा हरा वाला है.”

मॅडमनी टॅबकडे पाहिलं. ताईंकडे पाहिलं. मग पर्स खांद्याला लावली.

“चलिए सर,” त्या साहेबांना म्हणाल्या, “रास्ता आप दिखाइए.”

साहेब उठले, कोट सारखा केला, दारापर्यंत गेले आणि देवांगनच्या कानाशी लागले.

“सुनो, सीढ़ी किस तरफ़ से है?”