इनासकाकांचा काळा

शाईची बाटली इनासकाका कधी गदागदा हलवत नसत. दहा 'नमो मारिया' पुटपुटत तिला हळूहळू उलटीसुलटी करत. कार्बन तळाला बसतो, आणि जोरात हलवलं की फेस होऊन प्रिंटरचं हेड जाम होतं. मला म्हणत, "कार्बन झोपतो रे सावंत. त्याला दचकवायचं नाही, उठवायचं."

गिरीज गावात केळीच्या वाडीतलं त्यांचं घर. मागच्या पडवीत बसून ते काळ्या कार्बनच्या शाईत पातळ द्रावण मोजून मिसळत, फिकट-गडद सहा करडे करत आणि त्यातून गावातल्या गेलेल्या माणसांचे कृष्णधवल फोटो छापत. माझं फ्रेमचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाइकं मी आणायचो. गिऱ्हाईक कुरकुरायचं, हा काळा तपकिरी वाटतो, पक्का काळा करा. चार थेंब निळसर शाई घातली की भागलं असतं. पण काका ऐकतील तर शपथ! "त्या शाईत निळ्याबरोबर गुलाबी असतो. निळा आधी मरतो," ते म्हणत. "मागे नुसता गुलाबी उरतो आणि म्हातारीचे गाल रंगवल्यासारखे दिसतात. मेलेल्या बाईची चेष्टा करू नये."

मग त्यांची बायको, रोझीकाकी गेली. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "हिची शाई तू मिसळ," म्हणाले. मला अतिशहाण्याला वाटलं, एकदा दाखवूच. घातले चार थेंब. फोटो झकास आला. काकांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "शिकलास." त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदाच आलं होतं. मी फोटो फ्रेममध्ये बसवून दिला.

काकांनी ऑपरेशन टाळत टाळत तीन वर्षं काढली. ते झालं आणि आठवड्याने त्यांनी मला बोलावून घेतलं. फोटोसमोर उभे होते. काकीचे गाल चक्क गुलाबी झाले होते.

"सावंत, तुला कशी दिसते?"

"होती तशीच."

"निळा नव्हता ना घातलास?"

"छे, काका. तुम्ही नको म्हटल्यावर कसा घालीन?"

ताडून बघायला त्यांनी छापलेला दुसरा फोटो घरात नव्हता, सगळे गावभर गेलेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "मग डोळेच गेले माझे," म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी साऱ्या बाटल्या परसात ओतल्या. "ज्याला काळा कळत नाही, त्याने शाईला हात लावू नये." दारी आलेली माणसं परत पाठवू लागले. दिवसभर ओटीवर नुसते बसून असत. मी जायचो, शेजारी बसायचो आणि खरं न सांगता उठून यायचो. लाज वाटायची, पण सांगायची हिंमत होत नव्हती.

परवा काका गेले. मातीनंतर त्यांच्या मुलीने कापडात गुंडाळलेली ती फ्रेम माझ्या हातात दिली. म्हणाली, "पप्पांनी सांगून ठेवलं होतं, मम्मीचा फोटो सावंतला द्या. ज्याला नीट दिसतं त्याच्याकडे असू दे."

मी ती घेतली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.